कायद्याचं वय

"खरं सांगू की कायद्याचं?"

लेकीचं, सईचं वय कुणी विचारलं, की काका चष्मा कपाळावर सरकवून आधी हेच विचारायचे. परदेशात राहिलेल्यांनी असे एखादे काका नक्की पाहिले असतील.

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही शेजारी बसत असू. मी नागपूरचा, नवखा. ते साताऱ्याचे, वयाने मोठे, म्हणून सगळ्यांचेच काका. ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याच्या, रांगेत कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला, त्या तारखा दर महिन्याला जाहीर झाल्या, की कुणाची साडेसाती कधी संपणार हे ते डबा खाता खाता सांगत.

त्यांची स्वतःची साडेसाती मात्र वेगळी होती. सई सातवीत असताना इथे आली. मूल एकवीस वर्षांचं झालं, की आईवडिलांच्या अर्जातून बाद; मग स्वतःचा व्हिसा मिळवा, नाहीतर देश सोडा. पण अर्ज सरकारी टेबलावर जितके दिवस पडून राहिला, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात, हा कायदा काकांना तोंडपाठ होता. सईचे आठ महिने वजा होत होते; एकवीस झाल्यावरही तेवढ्यात नंबर लागला तर चालणार होतं. काका त्या आठ महिन्यांवर जगत होते.

तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला त्यांनी केकवर मोजून वीस मेणबत्त्या लावल्या.

"बाबा, आय ॲम ट्वेंटीवन!"

"कायद्याने वीसच. एकविसावी कार्ड आल्यावर लावू." उरलेली मेणबत्ती त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली.

"अहो, वितळेल ती," काकू म्हणाल्या. आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यात मोठ्याने मीच. आज त्याची लाज वाटते.

काकांचा नंबर यायला तेव्हा चारच महिन्यांचं अंतर उरलं होतं. पण सप्टेंबरात तारखा पुढे जायच्या, त्या कित्येक वर्षं मागे गेल्या. काकांनी तारखांचा कागद पालथा ठेवला आणि मला अर्धी भाजी वाढली.

"काका, निघेल यार काहीतरी मार्ग."

"निघेल की."

मग त्यांनी लोकप्रतिनिधींना पत्रं धाडली. मुलांचं वय अर्जाच्या दिवशी असेल तेच धरा, असा कायदा करा म्हणून. सगळ्यांची उत्तरं आली, सगळी सारखीच. "उत्तर देतात हे काय कमी आहे?" असं म्हणून काका ती फाइलला लावत.

आठ महिने संपले त्या संध्याकाळी काकूंनी मला जेवायला बोलावलं. शिरा केला होता. वाढून झालं, तशी सईच म्हणाली, "बाबा, व्हेअर इज माय कँडल?"

काकांनी चष्म्याच्या डबीतून ती मेणबत्ती काढली. इतके दिवस जपली होती. शिऱ्यात खोचून पेटवली आणि म्हणाले, "चला, कायद्यानेही एकवीस झाली पोर." सईने त्यांच्या गळ्यात हात टाकले.

पुढे शिक्षण संपवून सई कॅनडात गेली. काका-काकूही रांगेतला नंबर सोडून तिच्यामागे गेले. "जिच्यासाठी आलो, तीच इथे नाही," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर तारखा लागल्या, की आम्ही आपापल्या संगणकावर बघायचो. जेवणाच्या टेबलावर कुणी तो विषय काढत नसे.

नागपुरात जन्मलेली, म्हणून माझ्याच अर्जावर अवलंबून असलेली माझी मुलगी त्यानंतर सात वर्षांची झाली. केकवर मेणबत्त्या लावताना सहावीनंतर माझा हात थांबला.

"बाबा, वन मोअर!" ती ओरडली.

मी सातवी लावली. सगळे गाणं म्हणू लागले आणि मी मनात एकवीसमधून सात वजा करत उभा राहिलो.