जेवढं दिसतंय तेवढं

“जेवढं दिसतंय तेवढंच बोला,” असं म्हणताना आमचे सर उजवा हात हवेत आडवा धरायचे आणि हळूहळू खाली आणायचे, दुकानाचं शटर ओढावं तसा.

ही खूण कुठून आली ते तुम्हाला सांगायला हवं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत विश्रामबागला नवीनच इंटरनेट कॅफे निघाला होता. आम्ही डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होतो. सर आम्हा पाचजणांना तिथे न्यायचे आणि परदेशातल्या एका कॉलेजने विद्यार्थ्यांसाठी ठेवलेले छातीचे एक्स-रे उघडायचे. चित्र वरून खाली, एकेक रेघ करत यायचं. आधी मान, मग गळ्याची हाडं. ते पुरं होईपर्यंत चहा निवून जायचा.

कॅफेवाला ओशाळायचा. सर त्याला म्हणायचे, “आवं, मी जतचा हाय. पान्याच्या टँकरची वाट बघत वाढलोय. ह्यो तर नुसता फोटू.”

एकदा चित्र निम्म्यावर असताना लाइन तुटली. आमच्यातला एकजण घाईने म्हणाला, “सर, टीबी!”

“व्हय? आन् खालचं निम्मं टपालानं येनार हाय का रं?”

त्यातूनच त्यांची पद्धत तयार झाली. रेघ येईल तसं बोलायचं, पुढचं ओळखायचं नाही. वॉर्डात इंटरनेट नव्हतं. तिथे ते एक्स-रेच्या फिल्मवर केसपेपर धरायचे आणि तो इंचाइंचाने खाली सरकवत विचारायचे, “मग? फुडं?”

मला याची गरज इतरांहून जास्त होती. मी साताऱ्याच्या इंग्रजी शाळेतली. पुस्तकं पाठ, पण तोंडी परीक्षेत परीक्षकांनी फिल्म लावली की शब्द निघायचा नाही. एकदा त्यामुळेच नापास झाले होते. पुन्हा तसं झालं तर हे शिक्षण सोडायचं, असं ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

“म्याडम,” सर म्हणायचे, “विंग्रजी तुमच्याकडं आन् तोंड माझ्याकडं. कसं व्हायचं?”

परीक्षा मी पास झाले, हे इथेच सांगून टाकते. तो निकाल सरांना कळला नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला एकटीला बोलावलं. दिव्याच्या पेटीवर फिल्म होती, तिच्यावर केसपेपर.

“आज कागद तुमी धरा.”

मी बोलू लागले. श्वासनलिका मधोमध. उजव्या फुप्फुसात, हृदयालगत, गाठ. कडा ओबडधोबड.

“फुडं?”

“छातीखालचा पडदा उजवीकडे वर उचललेला.”

“म्हंजे?”

“कॅन्सर, सर. पडद्याची नसही धरलीय. ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला.”

इतकं सलग मी कधी कुणासमोर बोलले नव्हते. मला हसू आलं.

सर ‘फुडं’ म्हणाले नाहीत. मग मीच कागद शेवटपर्यंत खाली ओढला. खालच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव असतं.

नाव सरांचं होतं.

मला काही वाटलं नाही. पेटीतली ट्यूब मधूनच फडफडत होती, तेवढं आठवतं. जे दिसत होतं, त्यातलं ते नाव तेवढं मी बोलले नाही.

“पास,” सर म्हणाले आणि त्यांनी फिल्म काढून पाकिटात घातली.