पस्तीस किलोवॅटची थंडी

ज्याने मला फसवलं तो एका आकड्यानेही खोटं बोलला नव्हता. माझा राग त्याचाच आहे.

थंडीचा धंदा मी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात फ्रिज दुरुस्त करता करता शिकलो. यंत्राची ताकद कोणी कुठल्याही मापात सांगू दे, मी ती तोंडी दुसऱ्या मापात फिरवत असे. एक टन थंडी म्हणजे ताशी बारा हजार बीटीयू, किंवा तीन हजार चोवीस किलोकॅलरी, किंवा साडेतीन किलोवॅट आणि वर थोडं. विकणारे मुद्दाम मोठा दिसणारा आकडा पुढे करतात. दहा टन ऐकून गिऱ्हाईक नाक मुरडतं, तेच एक लाख वीस हजार बीटीयू म्हटलं की खुलतं. माझ्यापुढे ही चलाखी चालत नसे.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी अंबडला शेड घेतली आणि द्राक्षं गार करायची खोली बांधली. परदेशी जाणारी द्राक्षं आधी गरापर्यंत थंड करावी लागतात, चार अंशांच्या आत. गरम माल कंटेनरमध्ये घातला तर जहाजातच सडतो. दिंडोरीकडचे बागायतदार मला ओळखत नव्हते. त्यांना आणलं माझ्या दाजींनी, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. स्वतःची बागही त्यांनी माझ्याच भरवशावर निर्यातीची केली होती.

यंत्राचा एजंट पुण्याचा होता. गोड बोलायचा. त्याने पस्तीस किलोवॅटचं यंत्र सांगितलं. मी त्याला तीन वेळा उठून जायला लावलं आणि तीन वेळा परत बसवलं. शेवटी म्हणालो, "आकडा हाच राहू दे. भाव खाली आण." त्याने माहितीपत्रकाचं पान उलटलं आणि हो म्हणाला. यंत्र आलं तेव्हा त्याच्या पट्टीवर किलोकॅलरी लिहिलेल्या होत्या. मी फिरवून पाहिलं, पस्तीस किलोवॅट भरले. माहितीपत्रकात बीटीयू होते, तेही जुळले. मी निर्धास्त झालो.

मार्चमधला पहिला कंटेनर. सकाळी आठ हजार किलो माल खोलीत रचला, दाजींचा सगळ्यात आधी. संध्याकाळी कंटेनर भरायचा होता. दुपारी निर्यातदाराच्या माणसाने मण्यात सुई खुपसून तापमान बघितलं आणि सुई माझ्यासमोर धरली. चौदा.

"शेठ, सकाळपासून एवढंच?"

"उतरेल."

तासाभराने तेरा. बाहेर पत्रा तापला होता. यंत्र जीव तोडून चाललं होतं, पंखे फिरत होते, कुठे बिघाड नव्हता. सहा बागायतदार दारात उभे. त्यातला एक म्हणाला, "आमच्या घरचा माठ बरा हाय याच्यापेक्षा." बाकीचे हसले. दाजी हसले नाहीत.

मी ऑफिसमध्ये जाऊन पुण्याला फोन लावला आणि आधी शिव्या घातल्या. त्याने त्या ऐकून घेतल्या.

"साहेब, खोलीतली कॉइल किती थंड ठेवलीय?"

"शून्याच्या खाली तीन. त्याशिवाय फळ चारवर येईल का?"

"मग पस्तीस कसे मिळणार? पस्तीस ही ताकद कॉइल अधिक पाच अंशांना असताना. कॉइल जितकी थंड, तितकी यंत्र उष्णता कमी ओढतं. आज तुम्हाला सव्वीस मिळत असतील."

"मग तू आधी सांगितलेलं यंत्र?"

"ते मोठं होतं. उणे तीनलाही पस्तीस द्यायचं. तुम्हीच म्हणालात, आकडा तोच ठेव, भाव खाली आण. आकडा तोच ठेवला की."

मी फोन आपटला. प्रत्येक माप मी दुसऱ्या मापात फिरवून पाहिलं होतं. सगळी एकमेकांशी जुळत होती, आणि सगळी मिळून दुसऱ्याच कुठल्यातरी खोलीबद्दल बोलत होती.

सव्वीस किलोवॅट म्हणजे साडेसात टनाला थोडं कमी. तेवढ्यात आठ हजार किलो संध्याकाळपर्यंत उतरणं शक्य नव्हतं. सहा हजार उतरले असते, तेही कंटेनर थांबला तर. मी निर्यातदाराच्या माणसाशी घासाघीस केली. त्याने दोन तास दिले, एक मिनिटही जास्त नाही म्हणाला. आता दोन हजार किलो बाहेर काढायचे होते. कुणाचे?

दारातले पाच जण परके होते. त्यांच्यातल्या एकाचे क्रेट काढले असते तर उद्यापासून माझ्या शेडकडे कोणी फिरकलं नसतं. पाहुण्याचा माल ठेवला आणि आमचा काढला, हे संध्याकाळच्या आत दिंडोरीत पोचलं असतं. दाजींचा माल बरोबर दोन हजार होता.

"दाजी, तुमचे क्रेट काढतोय."

त्यांना आधी वाटलं मी चिडून काहीतरी बोलतोय. मग हमालांनी पहिली रांग उचलली.

"पाहुणा म्हणून आत पहिला मी," ते म्हणाले, "आणि बाहेरही पहिला मीच का रे?"

"कंटेनर गेला पाहिजे."

"जाऊ दे ना. माझ्यासकट जाऊ दे."

मी हमालांना पुढची रांग दाखवली.

मुदत संपता संपता सुई चारच्या खाली आली. कंटेनर अपुरा भरून गेला, पण गेला. निर्यातीचा भाव मी माझ्या खिशातून देतो, असं दाजींना सांगितलं. त्यांनी टेम्पोची ताडपत्री आवळता आवळता मागे न बघता म्हटलं, "तुझे पैसे नको. माझा माल जहाजात बसायचा होता." अर्धवट गार झालेला तो माल दुसऱ्या दिवशी नाशिकच्याच बाजारात गेला.

ते पाच बागायतदार नंतर कित्येक हंगाम माझ्याकडे आले. दाजी आले नाहीत. भाऊबीजेला ताई येते, ओवाळते, आणि दाजी बाहेर जीपमध्ये बसून राहतात. चहा मी तिथेच पाठवतो. सव्वीस किलोवॅटमध्ये जेवढं बसत होतं तेवढंच मी बसवलं, हे त्यांना कागदावर मांडून दाखवायला मी आजही तयार आहे. चहाचा कप ते खिडकीतून घेतात आणि काच वर करतात.