आकाराम हवालदाराचा अर्ज

आमच्या गल्लीत इंटरनेटची लाईन आकाराम हवालदारामुळं आली. पण त्याचं नाव काढलं की आजही निम्मी गल्ली तोंड वाकडं करते आणि उरलेली गप्प बसते. मी त्याच्या घरासमोरच राहतो. जे पाहिलं, ऐकलं ते सांगतो.

आकाराम मूळचा कुंडलचा. बारावी होताच फौजेत गेला आणि सिग्नलमध्ये वीस वर्षं काढली. वाळवंटात, डोंगरात केबल अंथरायची आणि तुटली की जोडायची, हे त्याचं काम. केसाएवढी काचेची तार दुसऱ्या तारेला अशी बेमालूम जोडायची की आतला उजेड अडता कामा नये. निवृत्त झाल्यावर गावचा ऊस थोरल्या भावानं सांभाळला आणि बायको सोनियाला शिवणाचं दुकान टाकायचं होतं म्हणून हे दोघं सांगलीला आले. कृष्णेच्या बाजूच्या आमच्या सखल गल्लीत त्यांनी घर घेतलं. माणूस मुळातच तिरसट. नळाला पाणी दहा मिनिटं उशिरा आलं तरी पाणी सोडणाऱ्याला घरी जाऊन जाब विचारायचा.

दोन वर्षांपूर्वी शहरात नवी ब्रॉडबँड कंपनी आली. तिचा मॅनेजर वीरधवल साताऱ्याकडचा, इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा. शाळेच्या हॉलमध्ये सभा घेऊन त्यानं सांगितलं, "प्रत्येक गल्लीत लाईन जाणार आणि कामावर निम्मी माणसं तुमचीच असणार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आकारामनं दुसऱ्याच दिवशी जोडणीच्या कामासाठी अर्ज दिला, सोबत फौजेचे दाखले लावले आणि पोच घेतली.

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. वीरधवलनं दाखले न उघडताच बाजूला ठेवले.

"माजी सैनिक आहात, म्हणून तुम्हाला सिक्युरिटीला घेतलंय."

"मी जोडणीसाठी अर्ज केलाय."

"जोडणीची माणसं कंत्राटावर बाहेरून येतात. तुम्ही गोडाऊन सांभाळा."

घरी येऊन तो सोनियाला म्हणाला, "वीस वर्सं फौजेत काढली की मानसाला निस्तं दाराशी हुबं ऱ्हाता येतं, असं वाटतंय ह्यांस्नी."

तरी त्यानं नोकरी धरली. चार महिने केबलच्या रिळांपाशी बसून बाहेरून आलेल्या पोरांचं काम तो बघत होता. त्यातल्या दोघांना तार नीट पुसायची कशी, हेही माहीत नव्हतं. गोडाऊनच्या भिंतीवर शहराचा नकाशा होता. लाईनची जांभळी रेघ बंगल्यांच्या कॉलन्यांत, दवाखान्यांत शिरत होती. आमच्या गल्लीच्या तोंडावरून मात्र ती सरळ पुढं गेली होती. आमची आणि मागच्या तीन गल्ल्या कोऱ्या होत्या.

त्यानं वीरधवलला विचारलं.

"तिथं पुराचं पाणी येतं," वीरधवल म्हणाला. "पेट्या भिजतील. आणि तुमच्या गल्लीत महिन्याचं कनेक्शन घेणार कोण?"

"माझी बायको घेईल. ती ब्लाऊजच्या ऑर्डरी फोनवर घेती. शेजारची पोरगी परीक्षेचा फॉर्म भरायला स्टँडपातुर जाती. आनि पानी येतं तर पेटी खांबावर वर लावा की. एकोनीसच्या पुराची खूण शाळंच्या भिंतीवर हाय, तिच्या वर चार हात लावा."

"तुम्ही गेट बघा, हवालदार."

त्या संध्याकाळी आकारामनं नकाशाचा फोटो काढला. ते कळताच सकाळी त्याला कामावरून काढलं.

मग तो पेटला. माहितीच्या अधिकारात अर्ज करून त्यानं कंपनीच्या रस्ते खोदाईच्या परवानगीची नक्कल मिळवली. दोन अटी त्यात स्पष्ट होत्या. एकही वस्ती वगळायची नाही आणि कामावर निम्मी माणसं स्थानिक हवीत. त्यानं महापालिकेकडं तक्रार दिली. सुनावणी होईपर्यंत पुढची खोदाई थांबवा, असा आदेश निघाला.

खोदाई थांबली आणि चर खणणारी माणसं घरी बसली. त्यात आमच्याच गल्लीतला गुंडा नावाचा पोरगा होता. जतकडच्या मेंढपाळ घरातला, पंचविशीचा. चौघांना घेऊन तो आकारामच्या दारात आला.

"तुमाला पेन्शन हाय. आमची हजेरी गेली त्याचं काय?"

"परवानगीत ल्हिलंय ते वाच आधी."

"वाचून पोट भरत न्हाई. तक्रार मागं घ्या."

"न्हाई घेत."

गुंडानं दारातली कुंडी लाथेनं उडवली. नंतर आठवडाभर सोनियाच्या दुकानात गल्लीतली एकही बाई कापड घेऊन आली नाही. सोनिया नवऱ्यावर चिडली, "तुमची फौज संपली आता, आवं. घरात तरी तह करा." तो न जेवताच झोपला.

सुनावणीत वीरधवल शांतपणे म्हणाला, "साहेब, स्थानिकांत जोडणी येणारा माणूसच मिळत नाही."

आकारामनं पोचपावती टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यानं दाखले वाचले आणि तिथंच तार जोडायचं मशीन मागवलं. आकारामनं तारेवरचं आवरण सोललं, तार स्पिरिटनं पुसली, टोक सरळ कापलं आणि दोन्ही टोकं मशीनमध्ये बसवली. बारीक ठिणगी पडली. पडद्यावर जोड दिसेनासा झाला. नंतर कंपनीच्या माणसानं केलेला जोड मशीननं दोनदा नाकारला.

मग वीरधवलनं कागद पुढं सरकवला. "भरतीची वयाची अट पस्तीस आहे. यांचं वय चाळीस."

अट कायदेशीर होती. आकारामचा चेहरा काळा ठिक्कर पडला. तो म्हणाला, "मग पस्तिशीच्या आतली देतो. परीक्षा हितंच घ्या."

अधिकाऱ्यानं माणसं तयार करायला दोन महिन्यांची मुदत दिली आणि चारही गल्ल्या जोडल्याशिवाय पुढची परवानगी नाही, असं लेखी दिलं.

आकारामनं एका केबलवाल्याकडून जुनं मशीन भाड्यानं आणलं आणि पहिल्यांदा गेला तो गुंडाच्याच दारात.

"माज्याकडं कशाला आलाय?" गुंडानं विचारलं.

"तुज्यावर जीव आलाय म्हनून न्हाई. चर खनताना तुजा हात बघितलाय. जुन्या केबलला कुठं धक्का लागला न्हाई."

गुंडा आला. आणखी दोघं आले, त्यात गल्लीतलीच शिवांजली होती, आयटीआय झालेली. दोन महिने रोज सकाळी अंगणात शिकवणी चाले. कौतुकाचा शब्द नाही. तार तुटली की आकाराम तुकडा उचलून समोर धरायचा आणि पुन्हा करायला लावायचा. एकदा गुंडा भडकून उठून गेला, दोन दिवस फिरकला नाही, तिसऱ्या दिवशी आपणहून येऊन बसला. तिघंही परीक्षेत पास झाले. कंपनीला त्यांना घ्यावं लागलं.

श्रावणात गल्लीत लाईन आली. पेट्या पुराच्या खुणेच्या वर खांबावर बसल्या. आकारामनं कनेक्शन घ्यायला नकार दिला. सोनियानं स्वतःच्या नावावर घेतलं आणि त्यावरून घरात तीन दिवस अबोला होता.

पुढं कळलं की तिघांना कंपनीनं थेट घेतलंच नव्हतं, एका मुकादमामार्फत लावलं होतं. पीएफ नाही, अपघात विमा नाही. शिवांजली खांबावर चढायची ती सेफ्टी पट्ट्याशिवाय, साध्या दोरीच्या आधारानं. आकारामनं नवी तक्रार लिहिली आणि सह्या मागितल्या. शिवांजलीनं केली, दुसऱ्या पोरानं केली.

गुंडा म्हणाला, "मी न्हाई करनार. परत घरी बसवाल मला."

"तुज्या मर्जीचं हाय," एवढंच आकाराम म्हणाला.

तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. परवा महापालिकेच्या जिन्यात वीरधवल समोर आला. "हवालदार, तुमचं समाधान कधी होणार?" त्यानं विचारलं.

"ती पोरगी पट्टा लावून खांबावर चढंल तवा," आकाराम म्हणाला आणि वरच्या मजल्यावर गेला. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.