शरीफाखालाच्या घरात एकाही खोलीला आतून कडी नव्हती

सगळ्यात आधी आली बिलोलीची मंगल. आली ती रडायच्या आधी दाराला कडी बसवली का ते बघायला गेली!

मी म्हटलं, "अगं, मयताच्या घरी आलीस का रूम बघायला?"

तर म्हणते, "काकू, अजून पण नाही बसवली?"

न्हाई. खालानं बसवू दिली असती तर ना.

थांबा. आधी सांगते, नाहीतर सून म्हणते, आई, तुमची सुरुवात एकीकडं, शेवट भलतीकडं. माझी शाळा चौथीपर्यंत. मी बोलते, फोन लिहितो. चुकलं तर फोनची चूक.

शरीफाखाला म्हणजे आमची लातूरची शेजारीण. सोमवारी गेली. आज तिसऱ्या दिवसाची जियारत झाली.

लातूरला क्लासचं वारं सुटलं तेव्हा तिनं मुलींना खोल्या दिल्या. डबा माझा, रूम तिची.

तेव्हा मुलीला ठेवायचं कुठं हाच मोठा प्रश्न. आत्याचं घर असलं तर आत्याकडं. तिथं अभ्यास कमी, भांडी जास्त. हॉस्टेल तर आधीच भरलेलं. मग बाप लोक पोरीची ट्रंक डोक्यावर घेऊन गल्लीगल्लीत विचारायचे, "रूम हाय का?"

आता काय, अंगठा लावून दार उघडतंय, वर सीसीटीव्ही.

खालाचे नियम तोंडी. पाणी तापवायची कॉइल नक्को. बाथरूममध्ये केस सोडायचे नाहीत. बापानं, भावानं ओट्यावरच बसायचं, चहा तिथंच मिळंल.

आणि दार नुसतं लोटून घ्यायचं. कडी न्हाई. होत्या नव्हत्या त्या तिनं पकडीनं उपटून काढलेल्या.

मंगलचे वडील लई भडकले होते. "तरण्या पोरींची खोली अन् कडी नाही? हे कसलं घर?"

खाला म्हणाली, "भाऊ, अंगणात फाटकाला माझी खाट हाय. जो येईल तो पहले मेरेकू उठायेगा."

ते निमूट चहा पिऊन गेले.

पण कडी का नाही? पोरींनी विचारलं की दर वेळी उत्तर नवं.

आज सगळ्या जुन्या पोरी ओट्यावर बसल्या आणि तेच निघालं. मंगल म्हणे, "मला सांगितलं, कडी लावली की पोरी झोपा काढतात." लोह्याची वैशाली, ती आता नांदेडला शाळेत बाई आहे, ती म्हणे, "मला सांगितलं, चोरानं नेल्या."

"नुसत्या कड्याच नेल्या?"

"मी पण तेच विचारलं! म्हणाली, गरीब होता बिचारा."

अहो, हसलो आम्ही. मयताच्या घरी. खाला असती तर तीच आधी हसली असती.

मग मंगलला तिचा नाडा आठवला. तिनं गुपचूप दोन खिळे ठोकले होते आणि आतून परकराचा नाडा बांधून झोपायची. खालाला कळलं. कात्रीनं नाडा कापला आणि तिथंच उंबऱ्यावर बसून रडायला लागली.

"मला वाटलं, आता ट्रंक बाहेर," मंगल म्हणाली. "तर मला म्हणते, बेटी, भूक लगी क्या?"

मला ठाऊक होतं ती का रडली. मला एकटीलाच सांगितलं होतं.

खालाची धाकटी बहीण किल्लारीच्या बाजूला दिलेली. भूकंप झाला त्या पहाटे घर सगळं पडलं नव्हतं. पण चौकट वाकली आणि आतली कडी अडकून बसली. बाहेरून माणसं ढकलून राहिली, आतून ती हाका मारून राहिली. दार काही उघडलं नाही. मग वरची माळवदाची माती खाली आली.

मी खालाला म्हटलं होतं, पोरींना खरं सांग की.

तर म्हणाली, "नक्को भाबी. पोरी अभ्यास शिकायला आल्यात. भीती शिकायला नाही."

आज मी सांगून टाकलं.

मग मंगल हळूच म्हणाली, "काकू, मला अजून कडी लावून झोप येत नाही. सासूनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, माहेरी दारं नव्हती का गं?"

आता खरी काळजी ऐका.

वर आत्ता पण मुली आहेत. चाकूरच्या, औशाच्या. नीटची परीक्षा मे महिन्यात. आणि खालाचा सलीम हैदराबादला नोकरीला. आज संध्याकाळी म्हणाला, "चाची, अम्मीच्या माघारी जिम्मेदारी कुणाची? मुलींना दुसरीकडं बघायला सांगतो."

वर्षाच्या मध्यात कोण घेतंय हो? पोरी जिन्यात बसून सगळं ऐकून राहिल्या होत्या. एकीच्या हातातलं पुस्तक उलटं.

मी म्हटलं, "फाटकापाशी मी झोपते."

सून म्हणाली, "आई, गुडघे बघा."

"झोपायला गुडघे लागत नाहीत."

सलीम उठला. खाला रोज सांजेची मगरिबची नमाज झाली की प्रत्येक दार एका बोटानं ढकलून बघायची. अडलं तर कडेला मेणबत्ती घासायची, दार सरकावं म्हणून. सलीम तसाच एकेक दार ढकलत निघाला. शेवटचं अडलं.

कोनाड्यात मेणबत्तीचा तुकडा होताच, तिनंच ठेवलेला. त्यानं तो घेतला, घासत बसला. बराच वेळ. मान वर केली नाही.

मग जिन्याकडं बघून म्हणाला, "परीक्षा होऊ द्या. चाची, अम्मीची खाट तुमची."

पोरी वर पळाल्या. माझं जेवण आज गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

शरीफाखाला, खाट जरा ढिली झालीय गं, पण झोप येईल. तू निवांत नीज.

मंगल, वैशाली, सगळ्याजणी चाळिसाव्याला परत येतो म्हणाल्यात. शुक्रवार पडतोय. हाक मारत बसू नका गं, दार नुसतं लोटलेलं असंल.