टाचा घासायची वजरी

तिशीतली मी म्हणजे गल्लीतली बिनपदवीची डॉक्टर. शाळा सातवीपर्यंत, पण कळायचं सगळं. नऊ वर्षांच्या लेकीच्या कोपरांवर लाल चट्टे उठले, वर पांढरे पापुद्रे. मी एक नजर टाकली आणि ठरवलं, नायटा. अमडापूरच्या बाजारातलं मलम चोपडलं, तिचं ताट, पेला, टॉवेल वेगळा केला.

मग भुलाबाईचा सण आला, गाण्यांची पाळी आमच्या घरची. पोरी गाणी म्हणणार, डब्यातली खिरापत ओळखणार आणि लेक ती वाटणार. असल्या हातांची खिरापत कोण घेईल? त्या दुपारी तिला मोरीत बसवलं आणि टाचा घासायच्या वजरीनं कोपरं घासली.

"माय, आग होऊन राह्यली वं."

"मंग पोरींत मिरवायचं हाय का नाही तुले?"

पापुद्रे गेले, रक्ताचे ठिपके आले. त्यावर मी हळद दाबली. काय ती हुशारी! संध्याकाळी पोरींनी फुटाणे बरोब्बर ओळखले, पण लेकीच्या बाहीवरचं रक्त पाहून एकीनंही हात पुढे केला नाही. दोन आठवड्यांत, जिथं वजरी फिरली तिथं नवे चट्टे.

बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले, हा सोरायसिस. कुणाला लागत नाही, पण घासलं की वाढतो. वेगळ्या ताटाचं लेकीच्या तोंडून निघालं, तसं त्यांनी विचारलं, "ताट कोणी वेगळं केलं?" लेकीनं बाही कोपराखाली ओढली. पुढं तिची बोटं सुजली, तेव्हा मी म्हटलं, लिहायचा कंटाळा. आजार सांध्यांत उतरला होता. बोटं वाकडी झाली ती झालीच.

आता तिची पोरगी आठ वर्षांची. परवा तिच्या कानामागं तसाच चट्टा दिसला. मी तेलाची वाटी घेऊन उठले.

"माय, तिले हात नको लावू."

वाटी ठेवली. दुसऱ्या दिवशी लेकीनं पोरीला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दिलेल्या ट्यूबचं झाकण लेकीच्या बोटांना फिरेना. दातांनी ओढून पाहिलं. शेवटी ट्यूब माझ्यापुढं ठेवली.

"पातळ लाव. घासू नको."

"नाही घासत वं."

"आजी, तुहा हात खरबरीत हाय," नात म्हणाली. मग मी करंगळीनं लावलं. लावून होईपर्यंत लेक माझ्या हाताकडे बघत उभी होती.

झाकण घट्ट लावावं, म्हणजे उद्याही मलाच बोलवावं लागेल, असं मनात आलं. खोड कुठली जाते! मग सैलच लावलं. लेकीनं ते फिरवून पाहिलं आणि ट्यूब घेऊन आत गेली.