मिटलेलं तोंड

जबड्याच्या ऑपरेशननंतर माझे वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले, त्याला तीन आठवडे झाले. आज आठ महिन्यांच्या रेवाला मऊ भात भरवायला बसले. चमचा पुढे केला, दातांआडून "ऊं ऊं" केलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिनेही ओठ घट्ट मिटून घेतले.

"आण इकडे, मी भरवते. तू नुसती जवळ बस," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच मोठा आ केला, आणि रेवाने लगेच तोंड उघडलं.

भरवताना आपण सगळेच आपलंही तोंड उघडतो, कुणी न शिकवता. मूल चमच्याकडे बघून नाही, आपल्या चेहऱ्याकडे बघून जेवतं. माझ्या चेहऱ्याकडे बघून ती काय शिकत असेल, हा विचार मला सोसवेना.

जेवण झाल्यावर सासूबाईंनी तिला माझ्या मांडीवर दिलं. रेवाने भाताने चिकट झालेला हात माझ्या खालच्या ओठावर ठेवला. ऑपरेशनपासून तो ओठ बधिर आहे, आणि कदाचित तसाच राहील, असं डॉक्टर म्हणतात. तिचा हात तिथे आहे, हे मला समोरच्या कपाटाच्या आरशात बघून कळलं.