अब्बांचा एकच शब्द

धूर! ह्यांच्या गाडीच्या मागनं निळा धूर, बारीकच, पण धूर! शेवटची फेरी, हे सगळ्यांच्या पुढे, आणि माइकवाला हेडफोन लावून कडेला उभी कोण, तर मी! आठवी नापास, कडेवर वर्षाची पोरगी! हेडफोन अब्बांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. ते इथं असते तर एकच शब्द बोलले असते.

अब्बा कमीच बोलायचे. रत्नागिरीहून कुवेतला आले ते फहाहीलच्या एका गॅरेजात मेकॅनिक म्हणून. मालकाला शर्यतीचा नाद. शर्यत कसली, तर आपल्या रोजच्याच गाड्या. सीटा काढायच्या, दारं वेल्ड करायची, खिडकीतनं आत शिरायचं आणि गोल गोल पळवायचं. एकदा ड्रायव्हर आलाच नाही. मालक म्हणाला, “याल्ला, चल, तूच चालव.” अब्बा खिडकीतनं शिरले ते पुढची वीस वर्षं शिरतच राहिले. जिंकलेल्या कपांत नट-बोल्ट ठेवायचे. मी एक कप घासूनपुसून कपाटात मांडला, तर म्हणाले, “पोरी, माझे दहा नंबरचे नट कुठे गेले?”

मग गाडीत आमचे हे बसायला लागले आणि अब्बा बाहेर, हेडफोन लावून. पण सवय कुठली जाते? हवल्लीच्या बाजारात टॅक्सी थांबवली तरी आधी खिडकीत डोकं घालायचे.

मला गाडी त्यांनीच शिकवली. पहिल्याच दिवशी, गॅरेजच्या मागे, समोर टायरांचा ढीग, आणि अब्बा ओरडतायत, “बस! बस!” मी म्हटलं, बसलेच तर आहे! आणखी ताठ बसले. धाडकन टायरांत! मी रडतेय आणि अब्बा हसून हसून खोकतायत. “अगं, बस म्हणजे पुरे, थांब! ट्रॅकवर मी एवढंच बोलतो. जास्त बोललं की पोरगा गडबडतो.”

कायमचे गावाला निघाले तेव्हा विमानतळावर हेडफोन माझ्या हातात दिला.

“अब्बा, मला तर नुसतं बघूनच भीती वाटते!”

“म्हणून तर तुला. मालकाला कप दिसतो. तुला माझा पोरगा दिसेल.”

तर तो धूर. मी ओरडले, “बस!”

कानात ह्यांचं हसू. “बसलोय की!”

“अहो, थांबा! खरंच थांबा!”

थांबले. मागचा पुढे निघून गेला. बॉनेट उघडलं तर तेलाचा पाइप जरासा ओघळत होता, एवढंच. मालक तोंड फिरवून गेला. हे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मी घाबरत घाबरत अब्बांना फोन लावला, सगळं एका दमात सांगून टाकलं.

“पोरगा घरी आला ना?”

“आला.”

“मग बस.”

ह्यांचं अजून चालूच असतं, अर्धीच फेरी राहिली होती म्हणून. मी पोरीला भरवता भरवता ऐकते. पण खरं सांगा, तो धूर तुम्हाला दिसला असता तर तुम्ही काय केलं असतंत?